आधी जेवा, मग देवाशी भांडा: वाईट दिवसांत ख्रिस्ती विश्वासातून सांत्वन कसं मिळवायचं

एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. कोविड. शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, ते पण एका नर्सताईने फोन धरला म्हणून, आणि बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता त्यामुळे ते काय म्हणाले ते आम्हाला कळलंच नाही. दफनाला मोजकी माणसं, पीपीई किट घातलेले चौघे, पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) लांब उभं राहून बायबलमधलं वचन वाचतायत आणि आई घरी क्वारंटाइनमध्ये. चर्च बंद, उपासना झूमवर, त्यात निम्म्या लोकांचा माइक चालू.

आमचं घर नगरचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी संडे स्कूल, मोठेपणी भजनाला पेटी मीच वाजवायचो, त्यामुळे मला वाटायचं की विश्वासाच्या बाबतीत आपण पक्के आहोत. बाबा गेल्यावर कळलं की प्रार्थनेला बसलं की डोक्यात नुसता सुन्नपणा आहे, काहीच येत नाही. आणि लोकांचे फोन चालूच, "देवाची इच्छा", "प्रभूला चांगली माणसं लवकर हवी असतात", "विश्वास ठेव रे". सगळे मनापासून बोलत होते यात शंका नाही, पण फोन ठेवला की आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं.

नंतरच्या दोन-तीन वर्षांत जे करून बघितलं, त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो आणि त्यात वर्ष घालवलं. मी प्रोटेस्टंट, बायको वसईची कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं येईल. दुःख मरणाचंच असलं पाहिजे असं नाही, नोकरी गेली, घटस्फोट झाला, आजारपण निघालं, पोरगं घर सोडून गेलं, सगळ्यालाच हे लागू होतं.

पायरी 1: झोप आणि जेवण

हसू नका. बायबलमध्ये 1 राजे, अध्याय 19 काढा. एलीया हा मोठा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर जिंकून आलेला, आणि लगेच राणी ईजबेलच्या धमकीने पळून रानात जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस पूर्ण कोसळलाय. आता आपल्याकडची सांत्वन करणारी मंडळी तिथे असती तर म्हणाली असती, अरे एवढा मोठा देवाचा माणूस आणि असं बोलतोस? देवाने तसलं काही केलं नाही. एलीया झोपला. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवलं, खा म्हणाला, कारण पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही. त्यानंतर 40 दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचला आणि मग कुठे देव त्याच्याशी बोलला, आणि वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर आला तो अगदी हळू आवाज.

म्हणजे दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यावर चर्चा. मी काय केलं होतं, तर बाबा गेल्यावर तीन आठवडे रात्री 2 पर्यंत बायबल उघडून बसायचो, उत्तर शोधत, चार तास झोपून सकाळी लॉगिन, आणि देव बोलत नाही म्हणून चिडचिड. देव बोलला असता तरी मला ऐकू आलं नसतं, एवढा मी थकलेलो होतो.

म्हणून पहिले दोन आठवडे एवढंच करा. झोपायची वेळ ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. स्वयंपाक होत नसेल तर मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांतल्या, कोणाला तरी स्पष्ट सांगा की डबा पाठवता का, लोकांना असं ठोस काम सांगितलेलं आवडतं, "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या माणसाला खरोखर सांगितलं की तो खूश होतो. आमच्याकडे गल्लीच्या टोकाच्या एका मावशी 11 दिवस पिठलं-भाकरी आणि वरणभात आळीपाळीने दारात ठेवून जायच्या, बेल वाजवायच्या आणि निघून जायच्या, एक शब्द वचन नाही की प्रार्थना नाही. मला आजही वाटतं की त्या महिन्यात देवाकडून आलेलं एकमेव स्पष्ट उत्तर ते पिठलं होतं.

या काळात प्रार्थना? जेवायच्या आधी जी करता तेवढी. बास.

पायरी 2: तक्रार करा, आणि ती देवाकडेच करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्या चर्चमध्ये हा शिकवतच नाहीत, म्हणून जरा लांबवतो.

आपल्याला लहानपणापासून काय सवय, तर प्रार्थना म्हणजे आधी स्तुती, मग उपकारस्तुती, मग विनंती, आमेन. रडणं, चिडणं, "तू कुठे होतास" विचारणं म्हणजे विश्वास कमी. पण बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक उघडून बघा, 150 स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाची आहेत. स्तोत्र 13 घ्या, सहाच ओव्या आहेत, पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? कुठवर विसरणार मला, कुठवर तोंड लपवणार? स्तोत्र 22 ची सुरुवात म्हणजे येशू वधस्तंभावर ओरडला तेच शब्द, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. म्हणजे खुद्द प्रभूने मरताना स्वतःचे शब्द शोधले नाहीत, जुनं तक्रारीचं स्तोत्रच तोंडात आलं. आणि स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचाच, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे काही नाही. ज्या लोकांनी बायबल जपलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, यातच सगळं आलं.

आणि आपल्या मराठी माणसाला तर हे नवीन नसावं. तुकोबांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते आपण शाळेत वाचलंय. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणायचेच की ते तुकारामांनी बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले. म्हणजे देवाशी भांडायची परंपरा आपल्याला दोन्ही बाजूंनी मिळालीये आणि तरी आपण चर्चमध्ये टाय लावून गप्प बसतो!

आता कसं करायचं ते सांगतो. साधी 100 पानी वही घ्या, मोबाइलच्या नोट्समध्ये नको, हाताने लिहिताना वेग कमी होतो आणि तेच पाहिजे असतं. स्तोत्र 13 चा साचा वापरा, त्यात चार गोष्टी आहेत:

हाक. देवाला नावाने. "प्रभू", "बापा", "येशू", जे तोंडात असेल ते.

तक्रार. इथे गुळमुळीत लिहायचं नाही. "मला दुःख झालं आहे" हे चालणार नाही. काय झालं, कोणत्या दिवशी, किती वाजता, तू कुठे होतास.

मागणी. काय हवंय ते सांगा, अशक्य असलं तरी.

भरवसा. हे असेल तरच लिहा. नसेल तर जागा मोकळी सोडा. खरंच मोकळी सोडा, चार ओळी रिकाम्या.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं आहे, लाज वाटते पण देतो:

"प्रभू, बाबांनी 40 वर्षं तुझ्या चर्चचं कुलूप उघडलं. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मांडल्या. आणि त्यांना शेवटी एक माणूस हात धरायला मिळाला नाही. तू तरी होतास का तिथे? असलास तर मला सांग, कारण आई रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. मला परत एकदा त्यांचा आवाज ऐकायचाय, मास्कशिवाय."

त्याखाली चार ओळी मोकळ्या आहेत. त्या पानावर त्या अजून मोकळ्याच आहेत. पण सहा-सात महिन्यांनंतरच्या पानांवर त्या जागी कधी एखादा शब्द यायला लागला, आणि तो मी ओढून आणलेला नव्हता.

आठवड्यातून तीनदा, 15 मिनिटं. रोज नको, रोज केलं तर दुःखात लोळायची सवय लागते, हा माझा अनुभव. लिहून झालं की मोठ्याने वाचा. घरात माणसं असतील तर गच्चीवर जा किंवा गाडीत बसून वाचा, मी पार्किंगमध्ये वाचायचो, वॉचमनला वाटायचं मी फोनवर भांडतोय.

एक शंका हमखास येते, देवाला असं बोलणं पाप नाही का? बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक बघा, काही चूक नसताना सगळं गमावलेला माणूस. त्याने जवळपास सगळं पुस्तकभर देवाला जाब विचारला, आणि मित्रांनी देवाची बाजू घेऊन मोठमोठी प्रवचनं झोडली. शेवटी देव मित्रांवर रागावला आणि म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं बरोबर बोलला नाहीत. अजून काय पाहिजे.

पायरी 3: शब्द नसतील तर उसने घ्या

काही दिवस असे असतात की वही उघडली तरी हात चालत नाही. अशा वेळी स्वतःची प्रार्थना बनवायच्या भानगडीत पडू नका. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पाठ आहे ना, तेच म्हणा, अर्थाकडे लक्ष नाही गेलं तरी चालेल. या बाबतीत कॅथलिक लोक आपल्यापेक्षा हुशार आहेत. बायकोची आजी वसईला रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायची, मी आधी मनात म्हणायचो की हे नुसतं यांत्रिक. बाबा गेल्यावर मला कळलं की यांत्रिक असण्यातच त्याची ताकद आहे, मन चालत नसतं तेव्हा बोटं चालतात आणि मणी पुढे सरकतो. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल म्हणतोच की आपल्याला प्रार्थना कशी करावी कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. कण्हणं चालतं म्हणे!

पहिल्या आठवड्यासाठी मी असं सुचवेन. सोमवारी स्तोत्र 13, मंगळवारी 42 (माझ्या जिवा, तू का खिन्न झालास, हे स्वतःलाच विचारलेलं आहे), बुधवारी 22, गुरुवारी 130, शुक्रवारी 88, शनिवारी काही नाही, रविवारी 23. एका दिवशी एकच, मोठ्याने, सकाळी चहा घेताना. 10 मिनिटं लागतात. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं घ्या, ऑडिओ बायबलही मराठीत फुकट मिळतं, आईला तेच लावून देतो, तिचे डोळे आता साथ देत नाहीत.

23 वं स्तोत्र प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर असतं आणि म्हणूनच आपण ते वाचतच नाही. एकदा हळू वाचा. सुरुवातीला दावीद देवाविषयी बोलतोय, "तो" मला हिरव्या कुरणात बसवतो, "तो" मला नेतो. आणि चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी आली की एकदम "तू" होतं, कारण "तू" माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलणं, दरीत गेल्यावर देवाशी बोलणं. हे मला कोणत्याही प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं, आईला वाचून दाखवताना लक्षात आलं, आणि आई म्हणाली, "बाळा, मग आपण आत्ता दरीतच आहोत, बोल त्याच्याशी."

इथे एक इशारा. कॅलेंडरवरच्या वचनांपासून थोडं जपून. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वचनाची चिठ्ठी काढायची आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे, आणि त्यात यिर्मया 29:11 हमखास, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. छानच आहे. पण त्याच्या वरची ओवी वाचा, 29:10, बाबेलात 70 वर्षं जाऊ द्या मग मी बघेन, असं आहे ते, बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र. ज्यांना ते पत्र गेलं त्यातले बहुतेक लोक परत घरी न जाताच मेले. तसंच बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकातली "रोज सकाळी नवी" होणारी दया. ती ओवी तिसऱ्या अध्यायात आहे, आधी दोन अध्याय नुसतं रडणं, आणि नंतर चौथ्या-पाचव्यात परत रडणं. वचन खोटं नाहीये. फक्त ते मोबाइल स्टेटससारखं सुटं काढून दुखऱ्या माणसाच्या तोंडावर फेकू नका, आणि दुसऱ्याने फेकलं तर आजूबाजूच्या ओव्या वाचून बघा, बहुतेक वेळा तिथे तुमच्यासारखाच माणूस रडत बसलेला सापडतो.

पायरी 4: माणसांत परत जायचं, पण हळू

झूमवरून चर्च उघडलं तेव्हा मी पहिले काही रविवार मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच निघून यायचो, कारण बाहेर दारात सगळे भेटणार आणि तेच तेच बोलणार. जर तुमचं तसं होत असेल तर जबरदस्ती करू नका. पण पूर्ण सोडूही नका. मधले मार्ग आहेत:

ओळख नसलेल्या ठिकाणी जा. मुंबईत असाल तर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला (मरियेच्या खास प्रार्थनेला) जाऊन मागे बसा, 1948 पासून दर बुधवारी चालू आहे, हजारो लोक येतात, त्यात हिंदू-मुसलमान-पारशी सगळे, तिथे कोणी रडत असलं तर कोणी वळून बघत नाही. मी प्रोटेस्टंट असून दोनदा गेलोय, आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "पार्किंग मिळालं का?" पुण्याकडचे लोक केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात जाऊन येतात, शांत जागा आहे. नगर जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते, ती मात्र शांत नाही, पण काही लोकांना गर्दीतच बरं वाटतं.

एकाच माणसाला सांगा. अख्ख्या मंडळीला प्रार्थना-विषय म्हणून देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच, तिथे हात जोडलेल्या 60 इमोजी येतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वेगवेगळी गोष्ट असते. तुमच्याआधी हे भोगलेला माणूस शोधा. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते यासाठी की आपल्याला दुसऱ्यांचं करता यावं. मला आमच्या चर्चमधले एक रिटायर्ड शिक्षक काका भेटले, त्यांचा मुलगा बारा वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. ते पहिल्या भेटीत जवळजवळ काहीच बोलले नाहीत, आम्ही दोन कप चहा प्यायलो, जाताना म्हणाले, "दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा अवघड जातं, घाबरू नको." खरं निघालं ते, आणि आधीच सांगितल्यामुळे मी घाबरलो नाही.

पाळक किंवा फादर यांना घरी बोलवा. कसं सांगायचं हेच लोकांना कळत नाही, तर सरळ फोन करून म्हणा, "पाळकसाहेब, मला उपदेश नको, अर्धा तास येऊन बसाल का आणि घरी प्रभुभोजन द्याल का." बहुतेक जण येतात. आजारपण असेल तर याकोबाच्या पत्रात 5:14 ला मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, तो तुमचा हक्क आहे. कॅथलिक घरांत अजून लोक घाबरतात, फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस जाणार, पण 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो संस्कार फक्त मरणाऱ्यांचा राहिलेला नाही, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो.

आणि तुम्ही सांत्वनाला जाणारे असाल तर ईयोबाच्या मित्रांचं एवढंच घ्या की ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी बोलायला सुरुवात केली तिथून सगळं बिघडलं.

पायरी 5: डॉक्टर

छोटी पायरी, पण चुकवू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, कामं होत नाहीत, किंवा मरून जावंसं वाटतंय, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. मरायचे विचार येत असतील तर आत्ता लावा, बाकीचा लेख नंतर वाचा. एलीयाने जे मागितलं होतं तेच तुम्ही मागत असाल, तर त्याला एकटं सोडलं गेलं नव्हतं हे लक्षात ठेवा.

मला आठ महिने गोळ्या होत्या. त्या काळात एका कन्व्हेन्शनला (मोठ्या प्रार्थनासभेला) आलेल्या बाहेरगावच्या प्रचारकाने आईला सांगितलं की मुलाला गोळ्या बंद करायला सांगा, विश्वासाने बरा होईल, आणि पैशांच्या पाकिटाचंही सुचवलं. आईने शांतपणे विचारलं, "तुमचा चष्मा कितीचा आहे हो?" तर, जो माणूस औषध बंद करा म्हणतो, पैसे दिल्यावर आशीर्वाद मिळेल म्हणतो, किंवा तुमच्या घरात कोणीतरी पाप केलंय म्हणून हे झालं म्हणतो, त्याच्यापासून लांब. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूचं उत्तर होतं, यानेही केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

पायरी 6: हाताला काम

हे सहा महिन्यांच्या आत करू नका. लोक लगेच सुचवतात, सेवेत बिझी हो, दुःख विसरशील. बिझी होऊन विसरलेलं दुःख रात्री 3 ला परत येतं. पण वेळ गेल्यावर मात्र हाताला काम लागतंच.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, पदरातली मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. ख्रिस्ती झाल्या त्या 1883 मध्ये, इंग्लंडात. नंतर 1896-97 च्या दुष्काळात स्वतः फिरून त्यांनी उपाशी मुलींना केडगावला आणलं, ज्या दुष्काळाने आपलं घर नेलं तसल्याच दुष्काळातून दुसऱ्यांच्या पोरी उचलून आणल्या. आणि आपल्याकडे त्यांची गोष्ट इथेच संपवतात, पण शेवट जास्त अवघड आहे. ज्या मनोरमेवर सगळं सोपवायचं ठरलं होतं तीच 1921 मध्ये गेली. रमाबाईंचं तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम चालू होतं, ते त्यांनी सोडलं नाही, 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, शेवटच्या दिवसांपर्यंत तेच काम हातात. एका म्हाताऱ्या आईने मुलीच्या मरणानंतरचे नऊ महिने कसे काढले असतील, तर एक एक शब्द तपासत. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच, त्यांचे नवरे नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

दोघींच्या कामात मला एक गोष्ट सारखी दिसते, काम ओळखीचं होतं आणि ते गेलेल्या माणसाशी जोडलेलं होतं. त्यामुळे तुम्हीही नवीन मिनिस्ट्री वगैरे काढू नका. गेलेल्या माणसाचं एखादं अर्धवट काम शोधा. बाबांचं काम म्हणजे चर्चचं कुलूप. मी 2022 च्या सुरुवातीला सेक्रेटरींकडे किल्ली मागितली. रविवारी पावणेआठला जायचं, दार उघडायचं, पंखे लावायचे, खुर्च्या मांडायच्या, बाबा खुर्च्यांना मागून पुढे नंबर टाकून ठेवायचे ते मला तेव्हा कळलं, खडूने, सीटच्या खाली. 112 खुर्च्या. पहिल्या दिवशी 40 व्या खुर्चीला मी खाली बसलो आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा नीट, पोटभर रडलो. रिकामं चर्च होतं, पंखे चालू होते. आणि मला स्पष्ट आठवतंय की त्या वेळी मी एकटा नव्हतो. याहून जास्त समजावता येणार नाही.

पायरी 7: वर्षाचे दिवस आधीच ठरवून ठेवा

पहिला ख्रिसमस, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आणि तो दिवस. हे अचानक अंगावर येऊ देऊ नका, महिनाभर आधी घरात बसून ठरवा की काय करायचं आणि काय नाही करायचं. आम्ही पहिल्या ख्रिसमसला करंज्या केल्या नाहीत, फक्त दारात स्टार लावला, कारण तो बाबा लावायचे. कॅरल पार्टी आली तेव्हा आईने दार उघडलं पण आत बोलावलं नाही, त्यांनाही ते कळलं, एकच गाणं म्हणून गेले.

कॅथलिक घरांत गेलेल्या माणसासाठी महिन्याचा मिस्सा (चर्चमधली उपासना) असतो, वर्षाचा असतो, आणि 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस, वसईला त्या संध्याकाळी सगळ्या कबरी मेणबत्त्यांनी उजळलेल्या असतात आणि घरचे लोक चक्क गप्पा मारत बसलेले असतात तिथे. आम्हा प्रोटेस्टंटांकडे हे कमी आहे आणि मला वाटतं ते आपलं नुकसान आहे. निदान एक स्मरणाची प्रार्थना घरी ठेवा, फुलं न्या, नाव मोठ्याने घ्या. नाव घेणं फार महत्त्वाचं, लोक समोरच्याला त्रास होईल म्हणून गेलेल्याचं नाव टाळतात आणि घरच्यांना वाटतं सगळे विसरले.

आणि गुड फ्रायडे ते ईस्टर यातला शनिवार पाळून बघा. त्याबद्दल कोणी प्रवचन करत नाही कारण त्या दिवशी काहीच होत नाही. शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची तीन तासांची उपासना, रविवारी जय, मध्ये एक दिवस प्रभू कबरेत आणि शिष्य दाराला कडी लावून घाबरून बसलेले. त्यांना रविवार येणार हे माहीत नव्हतं. तुम्ही आत्ता कुठे आहात विचाराल तर बहुतेक त्या शनिवारी आहात. त्या दिवशी आम्ही टीव्ही लावत नाही, साधं जेवतो, विलापगीताचा एक अध्याय वाचतो आणि लवकर झोपतो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं असतं.

बऱ्याच मराठी मंडळ्यांमध्ये ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात उपासना असते, अंधारातच निघायचं, उजाडताना गाणी म्हणायची. 2022 ला आईने येणार नाही म्हणून सांगितलं, मी पण आग्रह केला नाही. 2023 ला साडेचारला उठून बघतो तर ती पांढरी साडी नेसून तयार, हातात थर्मास. बाबांच्या कबरेजवळ फोल्डिंग खुर्ची मांडली, तिने थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली, एक मला दिला, एक स्वतः घेतला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे." आई पण म्हणाली, जरा उशिराने, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटीने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साखर कमी झालीये का रे?"